उसन्या डिस्कचा उन्हाळा

शेवटचा पेपर देऊन घरी आली की माझी मुलगी आर्या आधी दप्तर उलटं करून झटकते. पेन्सिलींचा भुगा, खोडरबराचे तुकडे, चॉकलेटची चुरगळलेली चांदी, सगळं फरशीवर पडतं आणि आमच्या घरी उन्हाळा सुरू होतो. यंदाही तो तसाच सुरू झाला. मी केर भरत होते, तेवढ्यात ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली. वाढदिवसाला घेतलेला गेम तिचा खेळून झाला होता आणि खालच्या मजल्यावरच्या सायलीला तो चार दिवस हवा होता.

"दे की मग," मी म्हणाले.

"देताच येत नाही, आई. तो माझ्या अकाउंटला आहे. सायलीला हवा असेल तर तिने नवीन घ्यायचा."

"आणि तुझा?"

"माझा माझ्याकडेच राहणार. नुसता."

एवढं बोलून ती खेळायला गेलीसुद्धा. तिला यात काहीच वावगं वाटलं नाही. मी मात्र हातात सुपली धरून त्या 'नुसता'पाशी थांबले. समोरच्या गच्चीवर कुणीतरी कुरडया वाळत घातल्या होत्या. त्यांचा तो आंबूस, गव्हाच्या चिकाचा वास घरात येत होता, आणि मला बिबवेवाडीतला एक उन्हाळा आठवत होता. त्या उन्हाळ्यात अशाच एका 'देता येत नाही'वरून माझ्या आजूबाजूची शहाणीसुरती माणसं चांगलीच खवळली होती.

तेव्हा मी नुकतीच एका सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टर म्हणून लागले होते. म्हणजे दुसऱ्याने लिहिलेला प्रोग्रॅम कुठे अडखळतो ते शोधायचं काम. पहिल्या दिवाळीच्या बोनसमधून मी गेम खेळायचं कन्सोल घेतलं होतं. टीव्हीला जोडायची काळी पेटी, तिच्यात गेमची डिस्क घालायची आणि हातात बटणांचा कंट्रोलर घेऊन खेळायचं. बाबा तिला 'पेटी'च म्हणत. बाबा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. मूळचे अकोल्याकडचे, पण सगळी नोकरी पुण्यात गेली. निवृत्तीनंतर विहारातलं वाचनालय हेच त्यांचं ऑफिस झालं होतं. दुपारी चारला कुलूप उघडायचं, पंखा लावायचा, येईल त्या पोराला पुस्तक द्यायचं.

त्या उन्हाळ्याचे वास अजून माझ्या नाकात आहेत. पलंगाखाली पेंढ्यात ठेवलेले आंबे. कूलरच्या ओल्या वाळ्याचा वास. खालच्या वर्कशॉपमधल्या वेल्डिंगचा जळका वास, जो गुरुवारी यायचा नाही, कारण गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज बंद. आणि शनिवारी संध्याकाळी कसबा पेठेतल्या त्या बोळात शिरलं की चिंचेने घासलेल्या तांब्याचा आंबट वास. तिथे मोघेकाकांचं दुकान होतं.

एका बाजूला भांड्यांवर हातोड्या पडत असायच्या आणि त्या ठक ठक आवाजात मोघेकाका गेमच्या डिस्क अदलाबदलीला देत बसलेले असायचे. दुकान आधी व्हिडिओ कॅसेटचं होतं, मग सीडीचं झालं, मग गेमचं. पाटी बदलली तरी पद्धत तीच राहिली: खेळून झालेली डिस्क आणा, वर थोडे पैसे द्या, दुसरी घेऊन जा. काका स्वतः एकही गेम खेळत नसत. एकदा मी विचारलं, "काका, हा चांगला आहे का हो?"

त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "चांगला असता तर लोकांनी परत आणून दिला असता का?"

"मग न येणारे कुठले?"

"ते माझ्याकडे नाहीत. म्हणूनच ते चांगले."

त्या दुकानातल्या डिस्क बिबवेवाडीपर्यंत यायच्या आणि तिथून पुढे थेट मांजरीला जायच्या. त्याचं कारण सुजाताताई.

सुजाताताई माझी मावसबहीण. माहेर अकोला, लग्न होऊन मांजरीला आलेली, हडपसरच्या एका शाळेत गणित शिकवणारी. उसाचा हंगाम संपत आला होता. ट्रॉलीतून पडलेली उसाची कांडी चाकाखाली येऊन तिची स्कूटर घसरली आणि मांडीचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, वर प्लॅस्टर, आणि जूनपर्यंत अंथरूण. नवरा कारखान्यात शिफ्टला, घरात सासूबाई आणि ती. भेटायला गेले तेव्हा ती छताकडे बघत पडलेली होती. म्हणाली, "प्रज्ञा, या छताला किती पत्रे आहेत ते मला पाठ झालंय. आता काहीतरी दुसरं दे."

पुढच्या खेपेला मी पेटीच घेऊन गेले. आधी तिने नाक मुरडलं. पोरांचे खेळ, डोळे बिघडतील, वगैरे. मी म्हटलं, ठेवून जाते, नको असेल तर परत नेईन. एक गेम मात्र मुद्दाम निवडून नेला होता. त्यात एक मुलगी निर्जन बेटांवरचे बंद पडलेले दीपस्तंभ एकेक करून पुन्हा चालू करते. मारामारी नाही, गोळीबार नाही. आरसे फिरवायचे आणि उजेडाचा झोत वळवत वळवत दिव्यापर्यंत न्यायचा.

पुढच्या शनिवारी गेले तर दारातच तिच्या सासूबाई भेटल्या. "ये बाई. बघ तरी आत जाऊन. आमच्या सुनंच्या पायावर अख्खं गणिताचं पुस्तक हाय."

खरंच होतं. प्लॅस्टरवर स्केचपेनने कोन काढलेले, बाण काढलेले, एक आरसा कुठे ठेवला तर झोत कुठे जाईल त्याच्या आकृत्या, काही खोडलेल्या. ताईच्या डोळ्यांत वेगळंच काहीतरी चमकत होतं. मला बसही न म्हणता ती बोलू लागली. "हे ज्यानं केलंय ना, त्याला भूमिती येते गं. नुसती येत नाही, आवडते. पण तिसऱ्या बेटावर त्यानं मला फसवलं. थांब, दाखवते."

मग ते सुरूच झालं. कसबा पेठेतून मी डिस्क आणायची, मी खेळायची, शनिवारी हडपसरला बस बदलून मांजरीला न्यायची. माझं कन्सोल तिकडेच राहिलं. मी ऑफिसातल्या मैत्रिणीच्या कन्सोलवर खेळू लागले. काही डिस्क ताईच्या शेजारच्या घरातही जाऊन यायच्या. दीपस्तंभांची मात्र काकांकडून मी विकतच घेतली आणि ताईला देऊन टाकली. मांजरीच्या त्या घरात इंटरनेट नव्हतं. वीज यायची-जायची. पण वीज असली आणि डिस्क असली की गेम चालायचा. आणखी काही लागतं, असं कुणाच्या मनातही आलं नव्हतं.

मे अर्धा सरला आणि बातमी आली. माझी पेटी ज्या परदेशी कंपनीची होती, तिचंच नवीन कन्सोल येणार होतं. ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत मी ती वाचली आणि डबा तसाच राहिला. नवीन पेटीत डिस्क एकदा घातली की ती तुमच्या नावाला जोडली जाणार. मित्राला सहज द्यायची सोय नाही. जुनी विकायची तर कंपनी सांगेल तिथे, कंपनीच्या अटींवर. आणि पेटीने दिवसातून एकदा इंटरनेटवरून कंपनीला हजेरी द्यायची. हजेरी चुकली तर गेम बंद. घरात एकटं बसून खेळायचा गेमसुद्धा.

त्या आठवड्यात मी झपाटल्यासारखी जगभरच्या लोकांचं लिहिणं वाचत होते. कुणी बोटीवर नोकरीला होता, महिनोन्‌महिने समुद्रात. कुणी सैन्याच्या ठाण्यावर होता. कुणी डोंगरातल्या खेड्यात, जिथे वारा सुटला की फोनही बंद. सगळे एकच विचारत होते: आम्ही काय करायचं? जगात किती मांजऱ्या आहेत हे मला त्या आठवड्यात कळलं.

आणखीही एक गोष्ट कळली, आणि तिचं मला कुतूहल वाटलं. माझ्या स्वतःच्या टेबलावर तेव्हा अशाच एका कुलपाचं टेस्टिंग चाललं होतं. कुठल्याशा परदेशी सॉफ्टवेअरचं लायसन्स तपासणारा तो भाग. इंटरनेट काढून टाका, प्रोग्रॅम उघडा. त्याने नकार दिला की मी 'पास' लिहायचं. नकार मिळणं म्हणजे काम बरोबर होणं. माझ्या बाजूने बघितलं तर त्यात दुष्टपणा कुठेच नव्हता. चोरीच्या कॉप्या थांबवायच्या होत्या, ते गैर कसं म्हणायचं? पण नकार मिळाल्यावर पलीकडे बसलेलं माणूस काय करत असेल, हा रकानाच त्या कागदावर नव्हता. प्लॅस्टरवर आकृत्या काढणारी एक बाई मला आता तिथे दिसायला लागली होती.

बाबांना हे प्रकरण समजावून सांगताना मजा आली. त्यांनी एक डिस्क मागून घेतली, खिडकीच्या उजेडात धरली, उलटसुलट केली. तिच्यावर उमटणारे रंग बघत राहिले.

"यावर नाव कुठं लिहायचं?"

"लिहीत नाहीत, बाबा. पेटीच ते लक्षात ठेवणार."

"म्हणजे मी पुस्तक घेतलं, तुला वाचायला दिलं, तर तुझ्या हातात ते कोरं होऊन जाईल?"

"साधारण तसंच."

बाबांची मॅट्रिकपासून बी.ए.पर्यंतची सगळी पुस्तकं उसनी होती. एका मास्तरांची, एका वकिलांची, पुढच्या वर्गातल्या पोरांची. आमच्या घरात 'उसनं पुस्तक' या शब्दाला कमीपणा नव्हता. उलट तो जरा आदरानेच उच्चारला जायचा. बाबा शेवटी एवढंच म्हणाले, "कंपनीचं काही चुकत असंल असं नाही. पण उसनं देणं म्हणजे काय, हे त्यांना कुणी सांगितलेलं दिसत नाही."

मोघेकाकांनी त्यांच्या पद्धतीने निषेध केला. दुकानात पाटी लागली: 'नवीन यंत्राची नोंदणी येथे होणार नाही. कारण विचारू नये. विचारल्यास संपूर्ण सांगितले जाईल.' लोक मुद्दाम कारण विचारायचे. काका खरोखर संपूर्ण सांगायचे. एका शनिवारी त्या बोळात गर्दी जमली. कॉलेजची मुलं, माझ्यासारखे नोकरदार, एक डॉक्टर, एक रिक्षावाले. प्रत्येकाने एक डिस्क आणली होती आणि अनोळखी माणसाला खेळायला द्यायची होती. घोषणा नाहीत, काही नाही. "घ्या हो, परत दिली नाहीत तरी चालेल," "नाही नाही, पुढच्या शनिवारी आणतो की." बोळभर नुसती देवाणघेवाण चालली होती आणि तांबट हातोडी थांबवून बघत होते, की हे लोक एवढ्या आनंदाने नक्की काय वाटतायत.

ताईला मी हे सगळं फोनवर सांगायची. तिला राग येण्याआधी प्रश्न पडायचे. "पण हे ठरवतं कोण, गं? त्याला फोन करता येईल का?" मी हसले. तिने मात्र डिस्कच्या डब्यावरचा मदतकेंद्राचा नंबर शोधून एका दुपारी फोन लावला. मी भेटायला गेले होते, शेजारीच बसले होते. तिने फोन स्पीकरवर ठेवला.

पलीकडून एक मुलगा घोटून पाठ केलेल्या इंग्रजीत बोलू लागला. ताईने आपलं म्हणणं हिंदीत मांडलं. तो सांगत होता की आपली भावना नोंदवली आहे. ताईने पुन्हा विचारलं. त्याने पुन्हा भावना नोंदवली. तिसऱ्यांदा तो हिंदीत काहीतरी बोलता बोलता अडखळला, वऱ्हाडी हेल निसटला आणि ताईने कान टवकारले.

"काय रे, तू अकोल्याकडचा का?"

पलीकडून एकदम वेगळाच आवाज. "मॅडम, तुम्हाले कसं समजलं?"

"माहेर आहे माझं. कुठं बसून राहिला तू आत्ता?"

"खराडीले, मॅडम. पुण्यात."

खराडी म्हणजे मांजरीहून नदीपलीकडे. जगाच्या दुसऱ्या टोकाला फोन लावावा आणि तो शेजारच्या खोलीत वाजावा, तसं झालं. त्याचं नाव प्रफुल. ताईने त्याला प्लॅस्टर, विजेचं रडगाणं, दीपस्तंभ, सगळं सांगितलं. तो हळू आवाजात म्हणाला, "मॅडम, मी काय सांगू तुम्हाले? मी बी रूममेटच्याच डिस्का घेऊन खेळून राहिलो ना. आमच्या रूमवर चार जणांत एकच पेटी हाय." मग घसा खाकरून पुन्हा इंग्रजीत आला, आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे म्हणाला, आणि जाता जाता मराठीत कुजबुजला, "शनिवारी कसब्यात काहीतरी चालते म्हणे. येतो मी."

आणि तो आला. उंच, सडपातळ, पाठीवर ऑफिसची बॅग. मला शोधून म्हणाला, "मांजरीच्या मॅडमनं पाठवलं." काकांनी त्याला डिस्क दिली आणि विचारलं, "तुम्ही त्या बाजूचे की या बाजूचे?" प्रफुल म्हणाला, "सहा दिवस त्या, सातवा दिवस या." काका पहिल्यांदाच मोकळं हसले.

जूनच्या सुरुवातीला ताईचं प्लॅस्टर निघालं. त्याच सुमारास एका मॉलमध्ये नवीन कन्सोलची ओळख करून देणारा कार्यक्रम होता. ताई म्हणाली, जायचं. डॉक्टरांनी वॉकर घेऊन अंगणापर्यंत चालायला सांगितलं होतं. तिने अंगणात रिक्षा बोलावली. मी आणि बाबा वाटेत तिला भेटलो. गारठा वाटावा एवढा एसी, निळे दिवे, मोठा पडदा. कंपनीतर्फे आलेला तरुण उत्साहाने बोलत होता. प्रश्न विचारा म्हटल्यावर पोरांनी गलका केला, कुणी शिट्ट्या मारल्या, आणि तो बिचारा घाम पुसत राहिला. मग मागून वॉकरचा आवाज करत ताई पुढे गेली. गलका आपोआप थांबला.

"मी गणिताची शिक्षिका आहे," ती म्हणाली, "म्हणून सोपं करून विचारते. मी दुकानातून एक वस्तू घेतली. ती मला कुणाला देता येत नाही. मनासारखी विकता येत नाही. माझ्या घरी इंटरनेट नाही म्हणून मला ती वापरताही येत नाही. हे सगळं वजा केल्यावर, मी घेतलं ते नक्की काय?"

कुणी टाळी वाजवली नाही. सगळ्यांना उत्तर ऐकायचं होतं. तो तरुण, आम्हाला कुणाला वाटलं नव्हतं, मराठीत म्हणाला, "मॅडम, खरं सांगू? मला माहीत नाही. मी विचारतो."

"विचारा," ताई म्हणाली. "आणि वेळ लागला तरी चालेल, पण खरं उत्तर आणा."

कार्यक्रम संपल्यावर तो तिच्यासाठी खुर्ची घेऊन आला. ती कुठला गेम खेळते ते त्याने विचारलं आणि मग दोघं तिसऱ्या बेटाबद्दल बोलत बसले. तोही तिथेच फसला होता.

शाळा उघडल्या त्याच आठवड्यात कंपनीने माघार घेतली. सगळ्या अटी काढून टाकल्या. डिस्क द्या, घ्या, विका, हजेरी नको. ऑफिसात आम्ही खुर्च्यांवरून उठून ओरडलो. मी काकांना फोन केला. ते म्हणाले, "ऐकलं. आता नाही म्हणालेत. परत विचारतील. दुसऱ्या शब्दांत विचारतील."

काकांचं खरं झालं, पण कुणी बळजबरी केली म्हणून नव्हे. पुढच्या वर्षांत इंटरनेट वेगवान झालं, मांजरीतही आलं. उसाच्या शेतांच्या जागी इमारती आल्या. डिस्क आणायला कसबा पेठेत कोण जाणार? घरबसल्या गेम उतरू लागला. आमच्याकडच्या आताच्या पेटीला डिस्क घालायची फटच नाही. ज्याला आम्ही इतकं ओरडून नाही म्हटलं, त्याला पुढे आम्हीच, न ओरडता, सोय म्हणून होकार दिला. तो होकार कुठल्या दिवशी दिला हे आठवायचा मी खूप प्रयत्न करते. तसा एखादा दिवस सापडत नाही. मोघेकाकांच्या दुकानात आता त्यांची सून तांब्याच्या बाटल्या विकते. काका गल्ल्यावर बसतात आणि बाटलीने तब्येत सुधारते का, असं विचारणाऱ्यांना म्हणतात, "बाटलीची सुधारते."

मॉलमधल्या त्या तरुणाने उत्तर आणलं नाही. ताई म्हणते, त्याने विचारलं असेल, मिळालं नसेल.

पण त्या उन्हाळ्यातलं मला सगळ्यात जवळचं काय, तर शाळा उघडायच्या आदल्या रविवारची दुपार. माघारीची बातमी अजून आलेली नव्हती. मी पेटी परत न्यायला मांजरीला गेले होते आणि प्रफुलही तिथे आला होता. तो सुट्टीसाठी गावी निघाला होता, रूममेटची पेटी बॅगेत घालून. घरी धाकटी बहीण होती, तिला दाखवायची होती. ताईने त्याला पन्हं दिलं आणि दीपस्तंभांची डिस्क त्याच्यापुढे ठेवली.

"तुमचं झालं का पूर्ण?" त्याने विचारलं.

"नाही. एक बेट राहिलंय."

"मग ठेवा ना, मॅडम. मी आल्यावर नेतो."

"तुझी सुट्टी कधी संपते?"

"पुढच्या रविवारी."

"माझी आज संपली. उद्यापासून नववी 'ब' आहे माझ्यापुढे. घेऊन जा."

त्याने डिस्क घेतली, बॅगेत कपड्यांच्या घडीत नीट ठेवली आणि बस गाठायला निघाला.

त्यानंतरचं ताईने मला सांगितलं. चार-पाच दिवसांनी शाळेत मधली सुट्टी चालू होती. व्हरांड्यात पोरांचा कल्ला, हातात काठी, खडूने पांढरी झालेली बोटं. फोन वाजला. अकोल्याहून प्रफुल होता. मागे त्याच्या बहिणीचा आवाज येत होता, मी सांगते, मी सांगते. "मॅडम," तो म्हणाला, "शेवटचं बेट झालं. बहिणीनं केलं. काय होते ते सांगू का, का तुम्ही खेळून पाहान?"

ताईने व्हरांड्याचं दार लोटलं, रिकाम्या वर्गात पहिल्या बाकावर जाऊन बसली आणि दुखरा पाय लांब केला.

"तिच्याकडे फोन दे," ती म्हणाली. "आणि तिला म्हणावं, सावकाश सांग. पहिल्या आरशापासून."